वायरी आधी, डबा शेवटी: खाऱ्या हवेतल्या सर्किट बोर्डाचं शिल्डिंग

"दादा, वायरलेसवर बोलायला बटण दाबलं की पाणी उपसायचा पंप आपोआप सुरू होतो." मे संपत आला, नौका किनाऱ्याला लागायला लागल्या, की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराकडून येणाऱ्या तांडेलांची, म्हणजे नौका चालवणाऱ्यांची, ही तक्रार ठरलेली. सोबत बोर्ड असतो आणि तो हळदीच्या पानात पातोळी गुंडाळावी तसा स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळलेला असतो. फॉइलने फरक पडला नाही म्हणून दुसरा थर, मग तिसरा.

शिल्डिंगसाठी, म्हणजे नको त्या रेडिओ लहरी अडवण्यासाठी, मेहनत भरपूर, पण क्रम उलटा. बोर्डाभोवती धातूचा डबा आधी करतात आणि त्यातून बाहेर आलेल्या वायरींकडे कोणी बघतच नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा हे काम निवांत होतं. उदाहरणासाठी बोटीच्या तळातलं पाणी ओळखून पंप चालवणारा १२ व्होल्टचा बोर्ड घेतलाय. त्यावर एक मायक्रोकंट्रोलर (निर्णय घेणारी मुख्य चिप), ५ व्होल्ट देणारा छोटा कन्व्हर्टर आणि एक रिले (विजेने चालणारा स्विच) आहे, आणि तळापर्यंत गेलेली तीनेक मीटरची सेन्सरची वायर. आंब्याच्या बागेतला पंप मोबाईलवरून चालू-बंद करणाऱ्या मोबाईल स्टार्टरलाही हाच क्रम लागू आहे. फरक असेल तिथे सांगतो.

## १. चोर कुठून शिरतो ते आधी शोधा

थोडं गणित करावंच लागेल. बोटीवरचा वायरलेस, म्हणजे व्हीएचएफ संच, १५६ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो. चॅनेल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ. त्या लहरीची लांबी सुमारे १.९१ मीटर, आणि पाव लहर ४८ सेंटीमीटर. वायर साधारण पाव लहरीइतकी किंवा लांब असली की ती लहर चांगली पकडते. तुमचा बोर्ड असतो जेमतेम आठ-दहा सेंटीमीटरचा, म्हणजे या लहरीसाठी तो फार वाईट अँटेना. तीन मीटरची सेन्सरची वायर मात्र उत्तम अँटेना. लहर वायरीवरून आत येते, इनपुटच्या चिपमधल्या जंक्शनवर तिचं रेक्टिफिकेशन होतं, म्हणजे तिचं डीसी व्होल्टेज बनतं, आणि मायक्रोकंट्रोलरला वाटतं पाणी वाढलं. म्हणून बटण दाबलं की पंप चालू, सोडलं की बंद.

मोबाईलचं उलट. ९०० मेगाहर्ट्झला पाव लहर ८ सेंटीमीटरच्या थोडी वर आणि १८०० ला ४ सेंटीमीटरच्या आसपास. इथे बोर्डावरचे ट्रॅकच अँटेना होतात, आणि इथे डब्याला खरा अर्थ आहे. जुन्या टूजी मॉड्यूलचा त्रास कानानेही ओळखता येतो. ते सेकंदाला २१७ वेळा झटके देत प्रक्षेपण करतं, म्हणून स्पीकरमध्ये टर्र-टर्र ऐकू येतं.

आता तीन चाचण्या, याच क्रमाने.

पहिली: व्हीएचएफ संच २५ वॅटवर ठेवून बटण दाबा, मग १ वॅटवर. १ वॅटवर दोष जात असेल तर लहर शिरत असण्याची शक्यता आहे, पण १ वॅटवर संच करंटही कमी ओढतो. म्हणून निकाल काहीही आला तरी आधी बॅटरीचे जोड बघा. बटण दाबल्यावर संच बराच करंट ओढतो आणि गंजलेल्या टर्मिनलवर व्होल्टेज इतकं पडतं की बोर्ड रीसेट होतो. त्याला शिल्डिंगचा काही उपयोग नाही. सँडपेपर आणा.

दुसरी: सेन्सरची वायर टर्मिनलमधून काढा आणि तिच्या जागी टर्मिनललाच, अगदी आखूड पायांचा, 'पाणी नाही' अशी स्थिती दाखवणारा रेझिस्टर किंवा जंपर लावा. बटण दाबा. दोष गेला? मग रस्ता वायरीचा. नाही गेला? मग पंपाची वायर, तीही नसेल तर पुरवठ्याची. एकेक करत जा, दोन वायरी एकदम काढू नका.

तिसरी उलट्या दिशेची, म्हणजे बोर्डच वायरलेसला त्रास देतोय का ते बघायची. संच शांत चॅनेलवर ठेवा, खरखर जेमतेम थांबेल इथपर्यंत स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) फिरवा, मग बोर्ड चालू करा. खरखर परत आली तर बोर्ड गोंगाट करतोय. हीच चाचणी बोटीवरच्या एलईडी दिव्यांनाही लावा. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ साली एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफ आणि एआयएस (नौकेची ओळख आणि जागा आपोआप कळवणारी यंत्रणा) बिघडतात असा इशारा दिला होता, त्यात हीच पद्धत सांगितली आहे. कितीतरी वेळा बोर्ड निर्दोष निघतो आणि दिव्याच्या बुडातला स्वस्त ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला वीज पुरवणारं सर्किट, पकडला जातो.

सावधान: चाचणीसाठी चॅनेल १६ वर कधीही बटण दाबू नका, ते संकटात हाक मारायचं चॅनेल आहे. परवाना असलेला संच, कामकाजाचं चॅनेल, अँटेना जोडलेली, आणि दोन-तीन सेकंद पुरे. अँटेनाशिवाय बटण दाबलं तर संचाचा आउटपुट भाग जाऊ शकतो.

तपासून पाहा: पुढे जाण्याआधी वहीत एक ओळ लिहा: "दोष अमुक वायरीवरून येतो." ही ओळ लिहिता येत नसेल तर टप्पा २ कडे जाऊ नका.

## २. सामान

बहुतेक सगळं घरात किंवा रत्नागिरी, कणकवलीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. १ नॅनोफॅरडचे सिरॅमिक कॅपॅसिटर, १ किलोओहमचे रेझिस्टर, वायरीवर क्लिपने बसवायचे फेराइट (रेडिओ लहर अडवणारे काळे मणी), आयसोप्रोपिल अल्कोहोल, बोर्डावर मारायचा ॲक्रिलिक लॅकर, कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज अडवणारी).

फेराइट घेताना एक काळजी. सगळे काळे मणी सारखे नसतात. मँगनीज-झिंकचे फेराइट काही मेगाहर्ट्झच्या खाली कामाचे. व्हीएचएफसाठी निकेल-झिंकचे लागतात. जुन्या चार्जरमधून काढलेली कॉइल बघून खूश होऊ नका, ती बहुधा पहिल्या जातीची.

पत्र्यासाठी टिनप्लेट, म्हणजे कथिलाचा थर दिलेला लोखंडी पत्रा. तेलाचा डबा चालतो, काजूचा चालतो. आमरसाचा डबाही चालतो, पण त्याला आतून बरेचदा लॅकर असतं आणि ते वीज वाहू देत नाही. मल्टीमीटरच्या दोन्ही टोकांनी न ओरखडता पत्र्याला स्पर्श करा. मीटर वाजला नाही तर जोडाच्या जागा घासून घ्याव्या लागतील. ॲल्युमिनियम फॉइल मात्र टाळा. कामाला धातू वाईट नाही, पण साध्या सोल्डरने जोडता येत नाही, आणि तांब्याच्या वायरीला टेकवून खाऱ्या हवेत ठेवलात तर एका पावसाळ्यात जोडाच्या जागी पांढरी भुकटी उरते.

तांब्याची टेप घेणार असाल तर तिचा गोंद वीज वाहतो का ते तपासा. एक तुकडा दुसऱ्यावर चिकटवा आणि दोन टोकांत रोध मोजा. बाजारातली बरीच टेप इथे नापास होते. नापास टेप वापरता येते, पण मग प्रत्येक जोडावर सोल्डरचे टिपके द्यावे लागतात.

## ३. धुणं आणि वाळवणं

हा टप्पा लोक सर्रास गाळतात. मिठाच्या थरावर लॅकर मारणं म्हणजे भिंतीतली ओल तशीच ठेवून वर रंग काढणं.

बॅटरी काढा. रिले, बझर यांसारखे पाणी आत घेणारे भाग टेपने झाका. डिस्टिल्ड पाणी आणि मऊ ब्रशने आधी मीठ उतरवा, कारण मीठ अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही. नुसत्या अल्कोहोलने धुतलेला बोर्ड चकचकीत दिसतो आणि मीठ तसंच राहतं. त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल मारा, म्हणजे पाणी आणि सोल्डरिंगचा जुना चिकट फ्लक्स निघून जाईल. जूनमध्ये उन्हाची वाट बघू नका. शंभर वॅटच्या पिवळ्या दिव्याखाली, हात सहन होईल इतक्या उष्णतेत, रात्रभर ठेवा.

## ४. बोर्डावरची दुरुस्ती

चाळीस रुपयांचं काम, पण निम्मा दोष इथेच जातो.

सेन्सरच्या इनपुटला, टर्मिनल आणि चिप यांच्या मध्ये, १ किलोओहमचा रेझिस्टर ओळीत घाला. सेन्सर नुसत्या उघड-बंद होणाऱ्या स्विचसारखा नसेल तर आधी बघा की एवढ्या रोधाने त्याचं वाचन बदलत नाही ना. मग चिपच्या बाजूकडून ग्राउंडला १ नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर. १५६.८ मेगाहर्ट्झला या कॅपॅसिटरची अडवणूक सुमारे १ ओहम येते, म्हणजे लहरीला ग्राउंडचा सोपा रस्ता मिळतो. पाण्याची पातळी इतकी हळू बदलते की या फिल्टरचा तिला काहीच त्रास नाही.

पण हा एक ओहम कागदावरचा. वायर दर मिलिमीटरला सुमारे १ नॅनोहेन्री इंडक्टन्स आणते. कॅपॅसिटरचे पाय मिळून ५ सेंटीमीटर लांब ठेवलेत तर ५० नॅनोहेन्री, आणि १५६.८ मेगाहर्ट्झला ती अडवणूक ४९ ओहमच्या घरात जाते. एका ओहमचा रस्ता करायला गेलात आणि पन्नासाचा करून ठेवलात. पाय शक्य तितके कापा. एसएमडी, म्हणजे बिनपायाचा, थेट बोर्डावर बसणारा कॅपॅसिटर बसवता येत असेल तर तोच.

रीसेट पिनवर ट्रॅक लांब असेल तर तिथेही चिपजवळ कॅपॅसिटर द्या, आणि चिपच्या पुरवठ्याच्या पायांना १०० नॅनोफॅरड आहे की नाही ते बघा. स्वस्त बोर्डावर छपाईत जागा ठेवलेली असते आणि कॅपॅसिटर बसवलेलाच नसतो. ही कंजूसी मी इतक्यांदा पाहिलीय की आता बोर्ड हातात आला की पहिली नजर तिथेच जाते.

तपासून पाहा: आता २५ वॅटची चाचणी पुन्हा करा. दोष पूर्ण गेला तरी टप्पा ५ करा. सागरात वायर कुठे लोंबेल ते सांगता येत नाही.

## ५. वायरी

फेराइट बोर्डाच्या बाजूला, वायर आत शिरते तिथून दोन-तीन सेंटीमीटरच्या आत. सेन्सरच्या टोकाला लावलेला फेराइट म्हणजे घराच्या दाराऐवजी गावाच्या वेशीला कडी घालणं: मधल्या तीन मीटर वायरीने लहर पकडलेली असतेच.

पुरवठ्याच्या धन आणि ऋण दोन्ही वायरी *एकत्र* एकाच फेराइटमधून न्या. एकच वायर नेली तर पंपाच्या डीसी करंटने फेराइट संपृक्त होतो आणि नुसता काळा मणी उरतो. फेराइटवर वायरीचा एक जास्तीचा वेढा दिलात तर परिणाम वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, पण व्हीएचएफला फार वेढे दिले तर ते एकमेकांना कॅपॅसिटरसारखे जोडले जातात आणि लहर वरून उडी मारते. दोन वेढे, फार तर तीन.

सेन्सरची वायर पिळलेली असू द्या. जाळीची शिल्डेड केबल वापरत असाल तर जाळी डब्याच्या तोंडाशी चारही बाजूंनी पकडली पाहिजे: पितळी ग्लँड (केबल आवळून धरणारं तोंड) किंवा धातूची पट्टी वापरा. जाळी पिळून तिची शेपटी करायची आणि ती लांब वायरीने आत कुठेतरी ग्राउंडला जोडायची, ही महाराष्ट्रभर चालणारी पद्धत. लांब वायरीचा हिशोब टप्पा ४ मध्ये दिलाच आहे. शिवाय शेपटी डब्याच्या आत आली, म्हणजे जाळीने बाहेर गोळा केलेली लहर तुम्ही स्वतःच आत आणून सोडली.

"जाळी एकाच टोकाला जोडायची" हा नियम ५० हर्ट्झच्या गुणगुणीसाठी आहे. रेडिओ लहरींसाठी दोन्ही टोकं जोडलेली बरी. दूरच्या टोकाला डीसी जोड नको असेल तर तिथे १ ते १० नॅनोफॅरडच्या कॅपॅसिटरमधून जोडा.

## ६. ग्राउंड म्हणजे अर्थिंग नव्हे

"अर्थिंगचा रॉड ठोकला की सगळं जातं" हे किनाऱ्यावर ऐकलेलं सर्वात हट्टी मत. पाच मीटर अर्थ वायर ही रेडिओ लहरीसाठी अर्थ नसते, आणखी एक अँटेना असते. डब्याला जोडायचं ते बोर्डाच्या स्वतःच्या ग्राउंडला, रुंद आणि आखूड जोडाने, वायरी आत येतात त्याच बाजूला. विमानाला जमीन लागत नाही. तुमच्या बोर्डालाही नाही.

बोटीवर आणखी एक गोष्ट सांभाळा. डबा लाकडी किंवा फायबरच्या भागावर बसवा, इंजिनाला बोल्टने आवळू नका. नाहीतर पंपाचा परतीचा करंट डब्यातून वाट काढतो आणि ओल्या धातूचं गंजणं झपाट्याने वाढतं.

सावधान: बागेतल्या पंपाच्या पॅनेलमध्ये तीन फेजची वीज असते. तिथलं संरक्षक अर्थिंग कुठल्याही कारणाने काढायचं नाही, आणि पॅनेलमध्ये धातूचा डबा बसवायचा असेल तर वीज बंद करून, परवानाधारक वायरमनला सोबत घेऊनच.

## ७. आता डबा

आधीचे टप्पे नीट झाले असतील तर व्हीएचएफच्या त्रासाला डब्याची गरज बहुधा उरत नाही. मोबाईल मॉड्यूल शेजारी असेल, किंवा बोर्ड स्वतः गोंगाट करत असेल, तर मात्र करा.

पत्रा जाड हवा हा गैरसमज आहे. तांब्यात १०० मेगाहर्ट्झची लहर जेमतेम ७ मायक्रॉन खोल जाते, आणि बोर्डावरचा नेहमीचा तांब्याचा थर असतो ३५ मायक्रॉन. लहर पत्र्यातून येत नाही, *फटीतून* येते. आणि फटीचं क्षेत्रफळ नाही, लांबी बघायची: कागदाइतकी बारीक पण ८ सेंटीमीटर लांब फट १८०० मेगाहर्ट्झला जवळजवळ अर्धी लहर आहे, म्हणजे उघडं दार. ढोबळ नियम असा की सर्वात लांब फट लहरीच्या विसाव्या भागापेक्षा लहान असावी. ९०० ला तो आकडा १६ मिलिमीटर, १८०० ला ८, फाइव्हजीच्या ३.५ गिगाहर्ट्झला ४ च्या जरा वर.

कामाचा क्रम असा.

आधी कागदाचा नमुना कापा, घडी घालून बोर्डावर ठेवून बघा. मग पत्रा कापा आणि कडा कानसीने मारा, हात कापतात. पहिला भाग म्हणजे कुंपण: बोर्डाच्या कडेने उभी पट्टी. बोर्डाच्या कडेचा हिरवा थर खरवडून ग्राउंडचं तांबं उघडं करा आणि कुंपण ८ मिलिमीटरपेक्षा कमी अंतराने सोल्डरच्या टिपक्यांनी जोडा. पंचवीस वॅटची सोल्डरिंग आयर्न इथे पुरत नाही, पत्रा उष्णता ओढून घेतो. साठ वॅटची घ्या.

बोर्ड एका बाजूचाच असेल, ग्राउंडचा सलग थर नसेल, तर बोर्डाखाली पत्र्याची पूर्ण पाटी घालून कुंपण तिला जोडा, आणि पाटी बोर्डाच्या ग्राउंडला वायरींच्या बाजूने तीन-चार जागी. मध्ये इन्सुलेशन हवं. जुनी एक्स-रे फिल्म झकास काम करते.

झाकणाच्या आतल्या बाजूला कॅप्टॉन टेप. हे मी एकदा गाळलं होतं. झाकण दाबल्यावर पत्रा रिलेच्या स्क्रूला टेकला, बॅटरीवर फ्यूज नव्हता, आणि वायरीचं प्लास्टिक वितळून टेबलाला चिकटलं. तेव्हापासून फ्यूज आधी, झाकण नंतर.

हवेसाठी भोकं लागत असतील तर लांब चिरा पाडू नका. ३ मिलिमीटरची बरीच भोकं पाडा, खालच्या बाजूला, म्हणजे साचलेलं पाणीही निथळेल.

सावधान: जीपीएस, वायफाय किंवा मोबाईल मॉड्यूलची अँटेना डब्यात कोंडू नका. मागे एका बागायतदाराने अख्खा मोबाईल स्टार्टर पत्र्यात बंद केला आणि "रेंज गेली" म्हणून सिम कार्ड तीनदा बदललं. मॉड्यूल बाहेर, किंवा अँटेना केबलने बाहेर. बोटीवरचं संकटसंदेश पाठवणारं कुठलंही यंत्र उघडायचं नाही, त्याच्या आजूबाजूला पत्राही लावायचा नाही.

## ८. मीठ

लॅकर सगळ्यात शेवटी, सोल्डरिंग पूर्ण झाल्यावर. कुंपणाची वरची कड, झाकणाची स्पर्शाची जागा, टर्मिनल, जाळीची पकड हे सगळं आधी टेपने झाका. लॅकर वीज अडवतं. झाकण आणि कुंपण यांच्यामध्ये ते गेलं तर डबा दिसायला बंद आणि लहरीला उघडा. पातळ दोन हात, मध्ये पूर्ण वाळू द्या. झाकण बसल्यावर टेप काढलेल्या कडांना बाहेरून ग्रीसचं बोट फिरवा. सगळा पत्रा ग्रीसने माखू नका, त्यावर वाळू बसते.

## ९. शेवटची तपासणी

मल्टीमीटरने झाकण ते ग्राउंड शून्य ओहम दाखवलं की झालं, असं समजू नका. एका कोपऱ्यातल्या एका टिपक्यानेही तो शून्यच दाखवेल. चारही बाजूंच्या मध्यावर कागदाचा कपटा सरकवून बघा. कपटा सहज आत गेला तर ती फट.

डब्यात मोबाईल ठेवून रिंग वाजते का बघायची चाचणी लोकांना फार आवडते. तिच्यावर विसंबू नका. मोबाईल अत्यंत क्षीण सिग्नलवरही चालतो, त्यामुळे रिंग वाजली म्हणजे डबा निकामी असं नाही.

खरी चाचणी नौकेवरच. सगळ्या वायरी त्यांच्या कायमच्या जागी, इंजिन चालू, २५ वॅट, आणि बटण दाबून सेन्सरची वायर हाताने इकडे-तिकडे हलवा. एआयएस, दिवे, फिशफाइंडर (मासे शोधणारं यंत्र) एकेक चालू करत स्क्वेल्चची चाचणीही पुन्हा करा. निकाल आणि तारीख कागदावर लिहून झाकणाच्या आत चिकटवा, कुठे कुठला कॅपॅसिटर घातला तेही.

नारळी पौर्णिमेनंतर समुद्रावर असताना पंप पुन्हा आपोआप सुरू झालाच तर झाकण उघडायला जाऊ नका. आधी सेन्सरची वायर टर्मिनलमधून काढा आणि टप्पा १ मधली दुसरी चाचणी करा. फेराइटची क्लिप तुटून तळातल्या पाण्यात पडलेली असण्याची शक्यता सर्वात जास्त.